आधार बंद, कळावे

सोमवार, ४ मार्च

सकाळी साडेआठला ऑफिस उघडलं, तर पडद्यावर अठ्ठावन्न लिफ्टच्या जागी एक राखाडी चौकोन. मधोमध तुटक्या तुकड्याचं चित्र आणि खाली एकच ओळ: 'या प्लगिनला यापुढे आधार दिला जाणार नाही.' बस्स. ना नमस्कार, ना कारण, ना खाली कुणाची सही.

टायपिस्टला विचारलं, "शनिवारी जाताना काय केलंस?"

"काही नाही, मिस्त्री. कॉम्प्युटर रविवारी आपला आपणच अपडेट झालाय."

एकोणीस वर्षं आहे माझ्याकडे, खोटं बोलत नाही. म्हणजे ऑफिसला कुलूप असताना कुणीतरी माझ्या कॉम्प्युटरात शिरलं, चालती वस्तू मोडली आणि चिठ्ठी लावून गेलं. हेच गल्लीतल्या कुणी केलं असतं तर आत्ता पोलिसांत असता.

प्लगिन म्हणजे ब्राउझरला मागाहून जोडलेला एक तुकडा. आमचं पान त्या तुकड्याच्या जिवावर उघडतं. प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये आम्ही एक डबी बसवली आहे. लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे, दार लागलंय का, मोटर तापली का, हे सगळं ती पानाला कळवते. कुणी अडकलं की चौकोन लाल होतो. इथे बसून बटण दाबलं की लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणताही येते. आमच्या गाडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'अडकलात? दहा मिनिटांत आलो.' ती दहा मिनिटं या पानाची कमाई. वंगणाचा डबा घेऊन दारोदार फिरणारा मी, आज अकरा माणसं हाताखाली आहेत, तीही निम्मी या पानामुळेच.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "प्रोफेसरला फोन करा. पान त्यानेच केलंय ना?"

प्रोफेसर म्हणजे माझा भाचा, थोरल्या बहिणीचा मुलगा. प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची सवय, म्हणून लहानपणीच हे नाव पडलं. चौदा वर्षांपूर्वी त्याने पान बनवलं. सहा वर्षांपूर्वी माझ्याकडची नोकरी सोडून परगावी गेला. का गेला, त्यालाच ठाऊक. मी काही बोललो नव्हतो.

"ज्याने बनवलं त्याच्याशी भांडायचं की ज्याने मोडलं त्याच्याशी?" मी म्हणालो.

ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

मंगळवार, ५ मार्च

ऑपरेटिंग सिस्टिमवाल्या कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं, मग एक मुलगी आली. आवाज गोड, पण लिहिलेलं वाचत होती. वाचणारा माणूस मला पहिल्या वाक्याला कळतो.

"सर, ते प्लगिन कालबाह्य झालेलं आहे."

"बाळ, मी एकसष्टचा आहे. मलाही राखाडी चौकोनात घालणार का?"

"सर, सुरक्षेच्या कारणास्तव…"

"कुणाच्या सुरक्षेच्या?"

"आपल्याच, सर."

"मी मागितली होती?"

यावर तिच्या कागदात काही नसावं. ती कागद उलटत असताना तिच्या शेजारचं कुणीतरी हळूच बोललं, "अजून ते वापरणारे आहेत?" दोघी हसल्या. माझे कान तिखट आहेत. चालत्या लिफ्टच्या आवाजावरून मी कुठला बुश कोरडा पडलाय ते सांगतो, तर फोनमधलं हसू मला ऐकू येणार नाही?

लेखी तक्रार पाठवा म्हणाली. पाठवतोच.

गुरुवार, ७ मार्च

आजचा दिवस वाईट.

दातांच्या डॉक्टरांच्या इमारतीत लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. मोबाइल आत लागत नव्हता. घंटा वाजवत होत्या, पण दुपारी जिन्यात चिटपाखरू नव्हतं. पान चालू असतं तर तो चौकोन लाल झाला असता आणि मी इथूनच लिफ्ट खाली आणली असती. आज झाडूवाली वर गेली म्हणून कळलं. पंचावन्न मिनिटं!

मी स्वतः गेलो. मशीनरूममधून ब्रेक सैल करून लिफ्ट हाताने खाली घेतली, दार उघडलं. बाई घामाने निथळत मुलीचा हात धरून बाहेर आली. मुलीनेच माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या गाडीवर दहा मिनिटं लिहिलंय ना? मला वाचता येतं."

बाईने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या फोनवरच्या मुलीला, तिच्या साहेबाला आणि त्याच्या वरच्या साहेबाला त्या पेटीत पंचावन्न मिनिटं कोंडून विचारावंसं वाटतं, सुरक्षित वाटतंय का?

शुक्रवार, ८ मार्च

टायपिस्टला समोर बसवून दोन पत्रं सांगितली. मी येरझाऱ्या घालतो, ती लिहिते. शाळा सातवीत सुटली, पण पत्र सांगण्यात मी कुणाला हार जाणार नाही.

पहिलं कंपनीला. वर कंपनीचं नाव घालू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, "त्यांचं नाव माझ्या कागदावर नको. नुसतं 'महोदय' लिही." मग म्हटलं: 'जे यंत्र चौदा वर्षं बिनतक्रार चाललं ते एका ओळीची चिठ्ठी लावून बंद करण्याचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? त्यावर माणसं अवलंबून आहेत, याचा विचार केलात का? वय झालं म्हणून यंत्र निकामी होत नाही. सुरक्षेचं कारण सांगता, मग एक तरी अपघात दाखवा! नवं घ्या म्हणायला तुमचं काय जातं?' शेवटी 'कळावे' लिहिलं, 'लोभ असावा' गाळलं.

दुसरं चार मजली जुन्या इमारतीच्या सोसायटीला. तिथली लिफ्ट एक्कावन्न वर्षांची, दाराला सरकती लोखंडी जाळी. तीन वर्षं सांगतोय की जाळी काढा, बंद दार बसवा. ऐकत नाहीत. त्यांनाही 'महोदय' घालून सांगितलं: 'आपले यंत्र कालबाह्य झाले आहे. सुटे भाग मिळत नाहीत. वापरणाऱ्यांच्या जिवाला धोका संभवतो. सबब या महिन्याअखेर आमची देखभाल बंद होईल, कळावे.' असल्या लोकांशी थोडक्यातच बोलावं लागतं. जास्त लिहिलं की वाद घालतात.

दोन्ही पत्रं झकास उतरली.

मंगळवार, १२ मार्च

डोक्याला हात लावून बसलोय.

सकाळी कंपनीचं उत्तर आलं. 'आपले यंत्र कालबाह्य झाल्याचे व त्यापासून धोका संभवत असल्याचे आपण कळवलेत, आभारी आहोत. आम्ही आपल्याशी पूर्ण सहमत आहोत. आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

मी तीनदा वाचलं. टायपिस्ट पांढरीफटक पडली. दोन्हीवर नुसतं 'महोदय' होतं, पत्रांची अदलाबदल झाली. तिला काय बोलणार? नाव घालायचं नाही, हा हट्ट माझाच.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंचा फोन आला. या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी इमारत त्यांना 'मोठ्या बाई' म्हणते, मीही म्हणतो.

"मिस्त्री, तुमचं पत्र कालच्या बैठकीत मी मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या!"

"मोठ्या बाई, ते पत्र…"

"'वय झालं म्हणून यंत्र निकामी होत नाही.' अहो, किती खरं! तीन वर्षं उगाच तुम्हाला दुष्ट समजत होतो. चौदाचं मी एक्कावन्न केलं. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या, त्याही काढल्या. आता रविवारी या आणि देखभाल चालू ठेवतो म्हणून सही करा."

"ते तुम्हाला नव्हतं. दुसऱ्यांना होतं."

"असं? मग आम्हाला काय होतं?"

मी सांगितलं. त्या अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तुमचं यंत्र जुनं झालं की तो अन्याय, आणि आमचं जुनं झालं की तो धोका. रविवारी चारला या. वेळेवर."

काय पण तुलना! कुठे लोखंडी जाळी आणि कुठे कॉम्प्युटरचं पान! जाळीत माणसाचा हात जातो. पानात काय जाणार?

बुधवार, १३ मार्च

आज मात्र जिंकलो. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला त्याच्या माळ्यावरून एक जुनाट मशीन घेऊन आला. आत जुनीच सिस्टिम, अपडेट कायमचं बंद, प्लगिन शाबूत. तार जोडली आणि अठ्ठावन्न चौकोन हिरवेगार! टायपिस्टच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हे चालवणं बरं नाही हं, मिस्त्री," तो जाता जाता म्हणाला. "हा उघडा माल आहे." दुरुस्तीवाल्यांना असं बोलायची सवयच असते. आम्हीही बोलतो.

दुपारी वर्कशॉपच्या पलीकडे दोघे फिटर डबा खात होते. एक म्हणाला, "एक फोन केला असता तर आठवड्यात सुटलं असतं." दुसरा म्हणाला, "त्यांचा राग कंपनीवर थोडाच आहे?"

मग कुणावर आहे? या लोकांना काही कळत नाही.

रविवार, १७ मार्च

चारला पाच कमी असताना पोहोचलो. जिन्याच्या तळाशी खुर्च्या मांडून वीसेक माणसं बसली होती. बहुतेक माझ्या वयाची किंवा पुढची. मोठ्या बाई काठी टेकत चौथ्या मजल्यावरून त्याच लिफ्टने उतरल्या. मी आवाज ऐकला. मोटर अजून लोण्यासारखी. त्या काळचं काम, नाव ठेवायला जागा नाही. वाईट आहे ती फक्त जाळी.

"बोला," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "बोलत नाही. एक लांब वस्तू द्या, मोडली तरी चालेल अशी."

कुणी हलेना. मोठ्या बाईंनी आपली काठी पुढे केली.

"ही नको, बाई."

"घ्या. वीस जणांत तेवढी एकच हाताशी आहे."

लिफ्ट रिकामी केली. आतल्या जाळीच्या फटीतून काठीचं टोक हातभर बाहेर राहील अशी ती आत टेकवली आणि बाहेरून वरचं बटण दाबलं. लिफ्ट निघाली. पहिल्या मजल्याची स्लॅब आली आणि काठी काटकन मोडली. मोटर थांबली नाही, आवाजसुद्धा बदलला नाही. निम्मी काठी खाली खड्ड्यात पडली, तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मी म्हटलं, "नातवंडं येतात ना तुमच्याकडे? त्यांचे हात या काठीएवढेच असतात."

मागच्या रांगेतल्या एक आजी नुसत्या आपल्या मनगटावर हात फिरवत बसल्या.

"हे पत्रात का नाही लिहिलंत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"लिहून कळत नाही. तीन वर्षं लिहितोच आहे की."

"मग तीन वर्षांपूर्वीच यायचं होतं काठी मोडायला."

एकमताने ठरलं, लिफ्ट आजपासून बंद, नवीन दारं बसायला सहा आठवडे. तोवर मोठ्या बाई चौथ्या मजल्यावर अडकणार, हे त्यांना कळलं होतं, तरी हात सगळ्यांत आधी त्यांचाच वर गेला. मी माझे दोन फिटर सकाळ-संध्याकाळ खुर्ची घेऊन पाठवायचं कबूल केलं. ज्याला उतरायचंय त्याला उचलून उतरवतील, उचलून चढवतील.

निघताना त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या कंपनीने तुम्हाला काही मोडून दाखवलं का हो?"

"त्यांच्याकडे मोडण्यासारखं आहे काय? कॉम्प्युटरचं पान ते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगा बोर्डावर चुकीची बेरीज मांडत असताना बघावं तशा.

सोमवार, १८ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सकाळी अकराला प्रोफेसरचा फोन आला. बायकोने त्याला कळवलं होतं, मला न विचारता. तो पूर्वी मला 'मामा, तू' म्हणायचा. सहा वर्षांपासून 'तुम्ही'.

"मामा, मामी म्हणाली तुम्ही जुनं मशीन लावलंय."

"लावलंय. झकास चाललंय."

"वर्कशॉपातल्या चाचणीच्या लिफ्टजवळ कुणी आहे का?"

आमच्या वर्कशॉपात तीन मजली मनोरा आहे, नवे भाग तपासायला. अठ्ठावन्नावा चौकोन त्याचाच. म्हटलं, एक फिटर आहे.

"त्याला बाहेर काढा. दार लावा. आत, वर, खाली कुणीही नाही हे तुम्ही स्वतः बघा. मग मला सांगा. मामा, प्लीज. खरंच बघा."

आवाजात असं काही होतं की मी वाद घातला नाही. जाऊन पाहिलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. "कुणी नाही," म्हणालो.

आणि ब्रेक उघडल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. टायपिस्टचे दोन्ही हात टेबलावर होते, माझा एक फोनवर, एक खिशात. लिफ्ट वर निघाली. दुसऱ्या मजल्याच्या जरा खाली अर्ध्यातच थांबली. मग खाली. मग पुन्हा वर. फिटर तोंड उघडं टाकून बघत होता. पडद्यावरचा चौकोन सगळा वेळ हिरवाच.

"तू करतोयस हे?" मी ओरडलो. "माझ्या दुकानात न विचारता शिरतोस?"

"विचारलं होतं की! सहा वर्षांपूर्वी, सगळ्यांच्या देखत विचारलं होतं. चार महिने दे, नवं पान करून देतो, या प्लगिनला भोकं आहेत. आठवतंय, तू काय म्हणालास?"

आठवतं. चार तारखेला इथे लिहिलंय की मी काही बोललो नव्हतो, ते खरं नाही. अकरा माणसांसमोर मी म्हणालो होतो, "स्वतःचं काम चुकलंय, ते झाकायला नवं काम मागतोय." सगळे हसले होते. तो हसला नव्हता.

"मामा, ऐक. मी जुन्या पासवर्डने नाही शिरलो. त्या भोकातून शिरलो. ते भोक कसं वापरायचं, हे ज्याला शोधायचंय त्याला सापडतं. दहा मिनिटं लागली मला. मी रिकामी लिफ्ट हलवली, कारण मी तुझा भाचा आहे. दुसरा कुणी असता तर तुला फोन करून कुणी आत आहे का विचारलं नसतं."

मी टेबलाखाली वाकून जुन्या मशीनची तार उपटली. कंबरेत कळ आली, तरी दुसऱ्या कुणाला उपटू दिली नाही. अठ्ठावन्न चौकोन एकदम गेले.

"बंद केलं," मी म्हणालो.

"बरं केलंस."

नंतर बराच वेळ दोघांपैकी कुणी फोन ठेवेना.

बुधवार, २० मार्च

काल माणसांना नवी विभागणी करून दिली. कुलपं, किल्ल्या, पायी फेऱ्या. प्रत्येकाकडे पाच-सहा इमारती, दर तासाला प्रत्येक लिफ्टमधून एक चक्कर. वीस वर्षांपूर्वी हेच करत होतो. तरण्या फिटरांचे पाय दुखताहेत, माझे त्यांच्याहून जास्त. मोठ्या बाईंना सकाळी खुर्चीतून उतरवलं तर म्हणाल्या, "सरळ धरा रे, मी काय शिडी आहे?"

कंपनीला दुसरं पत्र सांगितलं. या वेळी वर त्यांचं नाव घातलं, पूर्ण. 'बंद केलंत ते बरोबर केलंत. माझं यंत्र धोक्याचं होतं, मला ठाऊक नव्हतं. पण तुम्हाला ठाऊक होतं ना? मग सुरक्षेच्या कारणास्तव म्हणजे नक्की काय, हे एका माणसाला तरी सांगितलंत का? तुमच्या एका ओळीमुळे एक पोर पंचावन्न मिनिटं लिफ्टमध्ये अडकून बसलं, आणि तीच ओळ कळली नाही म्हणून मी ते भोक पुन्हा उघडून ठेवलं, पाच दिवस. धोका तुम्ही बंद केलात, पण धोक्यात कोण आहे त्याच्याकडे वळून पाहिलं नाहीत.'

टायपिस्ट म्हणाली, "मिस्त्री, निकाली तक्रारीवर आता त्यांच्या फॉर्ममध्येच लिहावं लागतं, आणि त्यात दोनशे अक्षरंच बसतात."

"मग तीन फॉर्म भर. चार भर. माझा संताप दोनशे अक्षरांत बसत नाही."

संध्याकाळी प्रोफेसरचा पुन्हा फोन. त्याने त्याच्या नोकरीतून वेळ काढून नव्या पानाचा आराखडा केलाय. प्लगिन नाही, कसलाच टेकू नाही. ते तो परगावी बसूनच करणार म्हणाला, हल्ली असं करता येतं. मी हो हो म्हणत होतो.

मग तो म्हणाला, "एक आत्ताच ठरवून ठेवू, मामा. हे पानही काही वर्षांनी जुनं होईल. बंद करायची वेळ येईल, तेव्हा पडद्यावर काय लिहायचं? तूच सांग, तुझी पत्रं फर्मास असतात."

मी म्हटलं, "काही लिहू नकोस. ये."

मागे त्याच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं.

"तेव्हा, की आत्ता?" त्याने विचारलं.

"शनिवारी," मी म्हणालो.